बेड्यांसकट

आमच्या घरात ‘अंदाजे’ हा शब्द शिवीसारखा होता. आईने चुकून कधी “अंदाजे पाऊण किलो पीठ असेल” असं म्हटलं की बाबा हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवायचे आणि विचारायचे, “अंदाजे म्हणजे किती?” या प्रश्नाला जगात कुणाकडे उत्तर नसतं. पण बाबांना ते हवं असायचं, आणि ते मिळेपर्यंत त्यांना चहा गोड लागायचा नाही.

बाबा तुरुंगाच्या कोठारात वजनकाट्यावर होते. धान्य, साबण, कोळसा, कैद्यांनी विणलेल्या सतरंज्या, आत येणारं आणि बाहेर जाणारं सगळं त्यांच्या काट्यावरून जायचं. त्यांना सगळे ‘काटेवाले’ म्हणत. खरं नाव फक्त नेमणुकीच्या कागदावर होतं आणि आईला तेही आठवायला वेळ लागायचा. तुरुंगाच्या समोर कर्मचाऱ्यांसाठी बांधलेल्या सरकारी खोल्या होत्या, त्यांत आम्ही राहायचो. खोल्यांच्या ओळीत कुणाला बाळ झालं की ते आधी आमच्याकडे यायचं, वजनाला. बाबा पारड्यात आधी नुसतं दुपटं ठेवायचे, त्याचं वजन लिहायचे, मग दुपट्यासकट बाळ, मग वजाबाकी. बाळ रडून लाल व्हायचं, बाळाची आई म्हणायची, “असू द्या हो काका, दुपट्याचं ते केवढं!” पण वजाबाकी न करता आकडा सांगणं म्हणजे बाबांच्या मते सरळसरळ खोटं बोलणं होतं.

माल ज्यात येतो त्या पोत्याला, डब्याला, टोपलीला बारदान म्हणतात. कोठाराच्या वहीत दोन रकाने होते, एक ‘बारदानासकट’ आणि दुसरा ‘निव्वळ’. एकतीस वर्षांच्या नोकरीत बाबा बारदान वजा करायला एकदाच विसरले. त्याचीच ही गोष्ट आहे.

ज्याला फाशी द्यायची त्याचं आदल्या दिवशी वजन करतात. ते वजन बघून दोर किती सोडायचा ते ठरतं. जड माणसाला कमी, हलक्याला जास्त. हे काम दोन-तीन वर्षांतून एकदा बाबांकडे यायचं. कारण माणूस मावेल असा काटा कोठारातच होता, पोत्यांचा. “तुझ्या बाबांना आवडतं का गं ते काम?” असं मैत्रिणी विचारत. मी म्हणायची, त्यांना वजन करायला आवडतं, कशाचं ते विचारू नका. वरवर मी अशी फटकळ होते. पण त्या दिवसांत आमच्या घरात काही वाक्प्रचार आपोआप बंद व्हायचे. कुणाचा जीव टांगणीला लागायचा नाही, कुणाच्या गळ्याशी काही यायचं नाही. आई तर खिडक्या लावून घ्यायची आणि बजावायची, “हळू बोला. इथे भिंतीलाही कान आहेत.”

तो माणूस गवंडी होता. बत्तीस-तेहतीस वर्षांचा, उंच, हाताची बोटं चुन्याने कायमची फुटलेली. एका बांधकामावर त्याने मुकादमाला सांगितलं होतं की भिंत ओळंब्यात नाही, दोरी भिंतीपासून दोन बोटं सुटते आहे. मुकादम म्हणाला, चालतंय, वर चढवा. आठवड्यात ती भिंत पडली. खाली गवंड्याचा धाकटा भाऊ माल कालवत बसला होता. त्याला ढिगाऱ्यातून काढून झाल्यावर गवंडी हातोडी घेऊन मुकादमाकडे गेला. कोर्टात तो फक्त “मी मारलं” एवढं म्हणाला. मुकादमालाही घर होतं, दोन मुली होत्या, त्या रोज कोर्टात येऊन पहिल्या बाकावर बसायच्या. हे मी मुद्दाम लिहिते आहे. गोष्ट ज्याच्या बाजूने सांगावी त्याचाच जीव तेवढा जीव वाटायला लागतो, आणि ते बरोबर नाही.

नियम असा होता की आधी लोहार येऊन पायांतल्या बेड्या काढणार, मग वजन. त्या दुपारी लोहाराची छिन्नी तुटली आणि तो दुसरी आणायला गेला तो गेलाच. मोठ्या साहेबांचा शिपाई कागदासाठी दोनदा येऊन गेला. बाबांनी विचार केला, यात अडायचं काय? तुरुंगातल्या प्रत्येक बेडीचं वजन त्यांना पाठ होतं. या जोडाचं सव्वासहा किलो. बेड्यांसकट वजन करू, सव्वासहा वजा करू, लिहू. पहिलीतल्या पोराचं गणित.

गवंडी काट्यावर उभा राहिला. बरोबरचा पहारेकरी दाराशी तंबाखू मळत होता. बाबा वजनं सरकवत असताना गवंड्याने विचारलं, “किती भरलो?”

असं आधी कुणी विचारलं नव्हतं. बाबा वजनं सरकवत राहिले.

“मागच्या भेटीला आई म्हणाली, वाळलास रे. आणि रडत बसली. भेटीची वेळ सगळी त्यातच गेली,” गवंडी म्हणाला. “उद्या ती दाराशी येईल. तिला तेवढं सांगाल का, पोरगा चांगला भरत होता म्हणून?”

दांडीवर सव्वाएकसष्ट दिसत होते. त्यातून सव्वासहा गेले की राहतात पंचावन्न. एवढ्या उंच माणसाला पंचावन्न म्हणजे निव्वळ हाडं. बाबांना तो आकडा तोंडातून काढवेना. ते म्हणाले, “सव्वाएकसष्ट.”

“घरून निघालो तेव्हा साठ होतो.”

“मग वाढलंय की.”

गवंडी हसला. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा बारदानासकट आकडा मोठ्याने सांगितला होता, तोही दयेपोटी. आणि जे तोंडाने बोलले तेच हाताने लिहिलं गेलं. माणसाच्या कागदावर दोन रकाने नसतात. तिथे नुसतं ‘वजन’ एवढं लिहिलेलं असतं आणि पुढे एक चौकट. शिपाई तिसऱ्यांदा आला आणि शाई वाळायच्या आत कागद घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमाराला दोरवाले काका आमच्या पायरीवर येऊन बसले. तुरुंगातला दोर त्यांच्या ताब्यात असायचा. तो मापायचा, वाळूच्या पोत्याने ताणून बघायचा, सगळं तेच करायचे. शेजारी म्हणून फार गोड माणूस. एरवी ते अशा दिवशी कुणाच्या दारात यायचे नाहीत, घरी जाऊन डोक्यावरून पाणी घेऊन झोपायचे. त्या दिवशी बूटही न काढता बसले.

“तो जिवंत आहे,” ते म्हणाले.

आईने त्यांच्या हातात चहा दिला. तो त्यांना धरवेना, म्हणून बाबांनी धरला. मग काकांनी तुटक तुटक सांगितलं. फळी पडली, सगळं नेहमीसारखं झालं. डॉक्टरांनी नळी लावून ऐकलं, पुन्हा ऐकलं, आणि म्हणाले, संपलं. खाली उतरवून मागच्या खोलीत फळीवर ठेवलं. त्याची आई घरून धुतलेली चादर घेऊन आली होती. तिला आत घेतलं, तर तिने त्याचे पाय हातात घेतले आणि म्हणाली, पाय गरम आहेत. पहारेकरी म्हणाला, आजी, आईला असं वाटतंच. ती म्हणाली, मग तू हात लावून बघ. तो हात लावायला वाकला आणि फळीवरून करवतीने लाकूड कापावं तसा आवाज आला. श्वासाचा.

“मान मोडली नाही,” काका म्हणाले. “झटका कमी पडला आणि गाठ सरकून हनुवटीखाली आली. वाऱ्याला वाट राहिली असेल कुठेतरी, असं डॉक्टर म्हणतात.”

“दोर किती सोडला होता?” बाबांनी विचारलं.

“तुमच्या आकड्याला जेवढा येतो तेवढाच. सव्वाएकसष्टला.” काकांनी चहाचा कप परत मागितला. “पोतं भरताना मला वाटलं होतं हो, एवढा काटकुळा माणूस, एवढा कसा भरला. पण म्हटलं, काटेवाल्यांचा आकडा. त्यावर आपण कोण बोलणार?”

बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. दोरवाले काका मूर्ख नव्हते. त्यांनी बाबांकडे एकदा पाहिलं, कप पायरीवर ठेवला आणि घरी गेले. पुढे मरेपर्यंत त्यांनी हा विषय काढला नाही.

काका गेल्यावर बाबांनी आईला आणि मला सगळं सांगितलं, छिन्नीपासून शाईपर्यंत. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “चुकलात ना? बरं झालं चुकलात. आता तोंडाला कुलूप लावा.” मी तेव्हा वीस वर्षांची होते. मला वाटलं, आईसारखं शहाणं माणूस दुसरं नाही. अजूनही वाटतं.

गवंड्याला तुरुंगाच्या दवाखान्यात ठेवलं. तो वाचला, पण मान डावीकडे कलली ती तशीच राहिली, आणि आवाज गेला. बोलायचा तर नुसती फुसफुस. त्याच्या आईला दिवसातून अर्धा तास आत सोडत. बाकीचा वेळ ती तुरुंगाच्या दाराशी उन्हात बसायची. चौथ्या दिवशी माझ्या आईने तिला हाताला धरून आमच्या व्हरांड्यात आणलं. तिथून दार दिसायचं. मग ती तिथलीच झाली. त्या धुतलेल्या चादरीची घडी तिने कधी मोडली नाही. बसताना मांडीवर, झोपताना उशाला. मी कामावरून आले की विचारायची, “आज कागद आला का गं?” कागद म्हणजे पुढे काय करायचं त्याचा हुकूम. पुन्हा लटकवायचं की नाही, याचा.

बाबा तिच्यासमोरून जाताना मान खाली घालून जायचे. पण निरोप दिलेला होता, तो पोचवणं भाग होतं. एके दिवशी ते तिच्यापुढे उभे राहिले आणि पाठ केल्यासारखं म्हणाले, “आजी, तुमच्या मुलाने सांगायला सांगितलं होतं. आदल्या दिवशी तो चांगला भरत होता. सव्वाएकसष्ट.”

म्हातारीने वर पाहिलं. “खोटं,” ती म्हणाली. “पाय हातात घेतले होते मी त्याचे. काडी झालाय. तुमचा काटा चुकला, दादा.”

साऱ्या तुरुंगात जे बोलायची कुणाची छाती झाली नव्हती ते तिने बसल्याजागी सांगून टाकलं. आई दारातून म्हणाली, “आजी, हे दुसऱ्या कुणाला सांगू नका हं.” आणि म्हातारीने, काय समजली देव जाणे, तोंडावर पदर घेतला तो संध्याकाळपर्यंत काढला नाही.

मग मोठ्या साहेबांनी बाबांना बोलावलं. साहेब तसे बरे होते, फक्त कधी कुणाच्या डोळ्यांत बघून बोलायचे नाहीत. ते म्हणाले, “वरून विचारणा आली आहे. कायदेवाल्यांचं म्हणणं असं, की सगळं नियमाप्रमाणे होऊनही माणूस वाचला असेल, तर शिक्षा देऊन झाली असं धरता येतं. मग जन्मठेप. पण आपल्याकडून चूक झाली असेल, तर शिक्षा दिलीच गेली नाही. मग पुन्हा तारीख.” थोडं थांबून म्हणाले, “दोराचं माप बरोबर निघालं. डॉक्टरांचं म्हणणं मान्य झालं. लोहाराच्या वहीत बेड्या काढल्याची तारीख आहे, वेळ नाही. पहारेकऱ्याला काही आठवत नाही. राहिला तुमचा जबाब. तुम्ही खरं काय ते लिहा.” आणि ते खिडकीबाहेर बघत बसले.

मी तेव्हा टायपिंगच्या वर्गात शिकवायची आणि घरी एक जुनं मशीन होतं. रविवारी दुपारी बाबांनी मला कागद लावायला सांगितलं. पहिली पाच वाक्यं झरझर सांगितली. अमुक तारखेस, अमुक वाजता, अमुक काट्यावर. सहावं वाक्य येईना. ते उठले, पाणी प्यायले, आत गेले, बाहेर आले. दुसऱ्यांदा पाणी प्यायले. मी मशीनवर बोटं ठेवून बसले होते आणि बोटं दुखायला लागली होती. शेवटी ते व्हरांड्याच्या दारापर्यंत गेले. म्हातारी खांबाला टेकून बसल्या बसल्या झोपली होती, तोंड उघडं, चादर मांडीवर. बाबा बराच वेळ तिथेच उभे होते.

परत येऊन म्हणाले, “लिही. ‘वजन करतेवेळी कैद्याच्या पायांत बेड्या नव्हत्या.’”

मी लिहिलं.

“वाच.”

मी वाचलं.

“पुन्हा वाच.”

मी पुन्हा वाचलं. त्यांनी सही केली. सही नेहमीसारखीच सरळ आली होती, आणि त्याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं असावं, कारण ते तिच्याकडे बघतच राहिले.

पाच आठवड्यांनी हुकूम आला. जन्मठेप. म्हातारीला आईने सांगितलं. तिने चादरीची घडी मोडली, व्हरांड्यात अंथरली, तिच्यावर आडवी झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत झोपली. पुढच्या महिन्यात गवंड्याला दूरच्या तुरुंगात हलवलं. ती त्याच्या मागे त्या गावी गेली. जाताना माझ्या आईच्या गळ्यात पडून रडली, बाबांना मात्र दुरूनच हात जोडले. तिला त्या सहाव्या वाक्याबद्दल कुणी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं नव्हतंच ते. कळलं असतं तर गवंडी पुन्हा दोराखाली आणि बाबा गजाआड.

त्यानंतर बाबांनी काटा सोडला. अर्ज करून तुरुंगाच्या बागेवर बदली मागून घेतली. घरातला तराजू माळ्यावर गेला. शेजारची एकदा बाळ घेऊन आली, तर बाबांनी बाळाला नुसतं हातावर घेतलं आणि म्हणाले, “अंदाजे तीन किलो असेल.” आई स्वयंपाकघरात जाऊन रडली. मला आधी हसू आलं, मग तिच्याकडे बघून माझंही रडू आवरेना. ज्या माणसाला आम्ही आयुष्यभर त्या शब्दावरून चिडवलं, तो तोच शब्द इतक्या सहज बोलून गेला होता.

चौदा वर्षं गेली. बाबा निवृत्त होऊन आम्ही दोन खोल्यांत राहायला आलो होतो. माझं लग्न झालं नाही. त्याची कारणं वेगळी आहेत आणि इथे ती कुणी विचारलेली नाहीत. एका दुपारी दार वाजलं. दारात उंच माणूस, केस सगळे पांढरे, मान डावीकडे कललेली, जशी काही शेजारच्या घरात कुणी बोलतंय आणि हा ऐकतोय. मी ओळखलं. बाबा खुर्चीतून उठायला लागले आणि पुन्हा बसले.

आईने चहा केला. तिने विचारलं, “आजी कशा आहेत?”

“तीन वर्षं झाली,” तो म्हणाला. त्याचं बोलणं ऐकायला पुढे वाकावं लागायचं. “बाहेर आलो तेव्हा कुणीच नव्हतं. काम मिळतं. हात चालतात.”

चहा अर्धा झाला. मग त्याने कप खाली ठेवला.

“काटेवाले, एक विचारायला आलोय. त्या दिवशी काट्यावर मी आकडा बघितला होता. गवंडी आहे, मला मापं कळतात. बेड्या पायांत होत्या. तुम्ही त्या वजा केल्या नाहीत. लिहिताना मी बघत होतो. बोललो नाही. बोललो असतो तर तुम्ही खोडलं असतं.”

बाबांनी हो म्हणून मान हलवली.

“आत चौदा वर्षं एकच गोष्ट धरून राहिलो. म्हटलं, कोर्ट, साहेब, डॉक्टर, पहारेकरी, एवढ्या सगळ्यांत एका माणसाला तरी वाटलं असेल, हा जगावा. आईलाही हेच सांगायचो. तिला पटायचं.” त्याला दम लागला. “चुकून झालं, की मुद्दाम केलंत? तेवढं सांगा.”

बाबांचा एक नियम होता. विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायचं, आणि खरं द्यायचं. शाळेत असताना मी परीक्षेच्या आदल्या दिवशी हा नियम शंभरदा ऐकला होता.

“चूक झाली,” बाबा म्हणाले. “मुद्दाम नव्हतं.”

मी वाट बघत होते. मला वाटलं, आता पुढचं सांगतील. वजन चुकून लिहिलं, पण जबाब मुद्दाम लिहिला. नोकरी, अब्रू, एकतीस वर्षांची अक्कल सगळी पणाला लावून लिहिला, तू जगावास म्हणूनच लिहिला. आई माझ्याकडे बघत होती, मी बाबांकडे. बाबा आपल्या पावलांकडे बघत होते. उत्तर देऊन झालं होतं.

“बरं,” गवंडी म्हणाला. त्याने उरलेला चहा संपवला, कप उचलून स्वतः मोरीत नेऊन ठेवला. दाराशी थांबून म्हणाला, “आतही सगळे म्हणायचे, काटेवाले खोटं बोलत नाहीत.” आणि गेला.

मी का बोलले नाही, हे स्वतःला विचारून मी थकले. एक तर ते वाक्य मी टाइप केलं होतं. माझ्याही जिभेला इतक्या वर्षांचं कुलूप होतं. आणि सांगायचा हक्क बाबांचा आहे असं वाटलं. हक्क! भान आलं तेव्हा मी अनवाणी धावत कोपऱ्यापर्यंत गेले. तिथे फक्त एक भंगारवाला उभा होता.

परत आले आणि बाबांवर तुटून पडले. “पुढचं का नाही सांगितलंत?”

“त्याने वजनाचं विचारलं,” बाबा म्हणाले.

“त्याने वजनाचं विचारलं नव्हतं.”

 बाबांच्या हळूहळू लक्षात येत गेलं. ते मला दिसत होतं आणि बघवत नव्हतं. आई म्हणाली, “पुरे आता. चपला घाला आणि शोधा त्याला.”

आम्ही शोधला. तो कुठे उतरलाय हे आमच्यापैकी कुणी विचारलं नव्हतं. बाबा रोज सकाळी काठी घेऊन निघायचे. शहरात जिथे जिथे भिंत चढत होती तिथे तिथे जायचे आणि विचारायचे, “मान वाकडी, आवाज बसलेला गवंडी आहे का इथे?” कुणी हसायचं, कुणी पाणी द्यायचं. गुडघे दुखायला लागले की मी सुट्टीच्या दिवशी बरोबर जायची. मला राग होता, तो गेला नव्हता. पण रागावलेलं माणूसही हाताला धरून रस्ता ओलांडून देतं.

सात महिन्यांनी एका शाळेच्या इमारतीच्या कामावर मुकादम बाई भेटली. डोक्याला फडकं, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. तिने प्रश्न पुरा व्हायच्या आतच म्हटलं, “होता ना. दोन महिने होता. थंडीत गेला. छातीत कफ झाला होता, तिकडे शेडमध्येच गेला. तुम्ही कोण त्याचे?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “ओळखीचे.”

“कुणी आलं नाही हो त्याचं. आम्हीच सगळं केलं. लाखात एक कारागीर. मान वाकडी, पण भिंत कधी वाकडी नाही.” ती आम्हाला इमारतीच्या मागच्या बाजूला घेऊन गेली. “ही त्याची. गिलावा व्हायचाय अजून.”

“काही बोलायचा का?” मी विचारलं.

“फार नाही. एकदा कामावरच्या पोरींनी विचारलं, मानेला काय झालं काका? तर म्हणाला, एकाच्या चुकीमुळे वाचलो. बस, एवढंच.”

बाबांनी तिच्याकडे ओळंबा मागितला. तिला वाटलं म्हातारा भिंत तपासायला आलाय, तिने दिला. बाबांनी काठी माझ्याकडे दिली, हात वर करून दोरी भिंतीच्या वरच्या कडेला धरली आणि खालचं वजन स्थिर व्हायची वाट पाहिली. त्याला वेळ लागला. ते थांबलं तेव्हा दोरी वरपासून खालपर्यंत भिंतीला लागून होती. कुठेही केसभर फट नव्हती.

“बरोबर आहे,” बाबा म्हणाले.

मग त्यांनी ओळंबा खाली ठेवला, उघड्या विटांवर तळहात टेकवला आणि तोंड भिंतीजवळ नेलं. मी बाजूलाच होते म्हणून मला ऐकू आलं.

“वजन चुकलं होतं रे,” ते म्हणाले. “पण कागद मुद्दाम लिहिला होता.”

भिंतीला कान असतात, असं आई आम्हाला आयुष्यभर बजावत आली. तेव्हा आम्हाला त्याची भीती वाटायची. त्या दिवशी बाबांचा हात धरून उभी असताना मला वाटलं, असू देत कान, या एका भिंतीला तरी असू देत. मुकादम बाई ओळंबा परत न्यायला थांबली होती. तिने आम्हाला घाई केली नाही.